केळीखरेदीच्या हिशेबाचे आयफोन अ‍ॅप अँड्रॉइडवर आणायचे आहे : सुरुवात कोठून करावी?

तापीकाठ (रावेर) :

नमस्कार मंडळी. आमचा केळीखरेदीचा घरचा व्यवसाय आहे. बागेतील कापणी, गाडीत भरलेल्या मालाचे वजन, ठरलेला भाव, शेतकऱ्याला दिलेली उचल आणि देणे बाकी यांचा हिशेब ठेवण्यासाठी माझ्या भाच्याने आयफोनसाठी एक अ‍ॅप तयार करून दिले आहे. ते स्विफ्ट या अ‍ॅपलच्या भाषेत लिहिलेले असून त्याचे पडदे स्विफ्टयूआय या अ‍ॅपलच्याच पडदे रचण्याच्या साधनात आहेत. नोंदी कोअर डेटा या फोनमधील साठवणीत राहतात आणि क्लाउडकिट या अ‍ॅपलच्या इंटरनेटवरील साठवणीमार्फत माझा फोन व पेढीवरचा आयपॅड एकमेकांशी जुळलेले राहतात. आमच्यापुरते ते उत्तम चालते. मात्र बागेत उभे राहून वजन टिपणाऱ्या मुकादमांकडे अँड्रॉइड फोनच आहेत. त्यांच्या नोंदी अजूनही वहीतून येतात आणि रात्री बसून पुन्हा भराव्या लागतात.

असलेला कोड एखाद्या साधनाने अँड्रॉइडसाठी रूपांतरित करता येतो का? येत नसल्यास कोटलिन या अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या भाषेत वेगळे अ‍ॅप लिहावे की फ्लटर या दोन्ही फोनांसाठी एकत्र लिहिण्याच्या साधनात सगळेच नव्याने करावे? भाचा नोकरीमुळे सुट्टीच्या दिवशीच वेळ देऊ शकतो. मला जावा बऱ्यापैकी येते.

मेहरूणकर (जळगाव) :

कोड एका बाजूने घातला आणि दुसऱ्या बाजूने चालते अँड्रॉइड अ‍ॅप बाहेर आले, असे सहसा होत नाही. स्विफ्टचा कोड कोटलिनमध्ये उतरवणारे ‘स्किप’ हे साधन आहे, आणि स्विफ्ट प्रकल्पाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडसाठीच्या विकाससंचाची (एसडीके) पूर्वआवृत्तीही दिली आहे. परंतु ही वाट सुरुवातीपासून तशा बेताने लिहिलेल्या अ‍ॅपला अधिक मानवते. तुमच्या अ‍ॅपचा जीव कोअर डेटा आणि क्लाउडकिट यांत आहे, आणि ते दोन्ही अ‍ॅपलच्याच घरचे आहेत.

पडद्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. स्विफ्टयूआय आणि अँड्रॉइडचे जेटपॅक कंपोज यांची विचारपद्धती इतकी जवळची आहे की, एक पडदा समोर ठेवून दुसरा हाताने लिहून काढता येतो. खरी अडचण क्लाउडकिटची आहे. त्यातील खासगी माहिती वापरकर्त्याच्या अ‍ॅपल खात्याला बांधलेली असते आणि अँड्रॉइडसाठी त्याचा अधिकृत विकाससंच नाही. वेबमार्गे पोहोचता येते, पण त्यासाठीही अ‍ॅपल खाते लागणार, आणि प्रत्येक मुकादमाला ते उघडून देणे व्यवहार्य नाही.

म्हणून अँड्रॉइडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी माहिती दोन्ही फोनांना पोहोचेल अशा सर्व्हरवर न्यावी. गूगलच्या फायरबेसमधील फायरस्टोअर ही तयार साठवणसेवा चालेल, किंवा पोस्टग्रेस हा माहितीकोश (डेटाबेस) ठेवून स्वतःचा छोटा सर्व्हरही चालेल. कोअर डेटाची फाइल आतून एसक्यूलाइट या छोट्या माहितीकोशाचीच असते, तरी तिची रचना अ‍ॅपलच्या सोयीची आहे. ती थेट उघडण्यापेक्षा जुन्या अ‍ॅपमधूनच सर्व नोंदी जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात. मग आयफोनचे अ‍ॅप नव्या सर्व्हरवर एक हंगाम चालवून पाहावे. हिशेब बिनचूक जुळू लागला की अँड्रॉइडकडे वळावे.

पांझराकाठ (धुळे) :

सर्व्हर आधी, हे मान्य. पुढच्या वाटेबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. दोन भाषांतील दोन अ‍ॅप सांभाळणे सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या माणसाला जड जाते. भाव लावण्याचा एक नियम बदलला की तो दोन ठिकाणी बदलावा लागतो आणि एका ठिकाणी राहून जातो. फ्लटरची डार्ट ही भाषा जावा येणाऱ्याला लवकर हाती लागते. अर्थात त्यासाठी चालते आयफोन अ‍ॅप मोडीत काढावे लागेल, आणि आयफोनची अंतिम बांधणी करायला मॅक तरीही लागेलच.

मधला मार्ग कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्मचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते स्थिर म्हणून जाहीर झाले. त्यात वजन, भाव, कपात, उचल यांचे गणित एकदाच कोटलिनमध्ये लिहून दोन्हीकडे वापरता येते आणि स्विफ्टयूआयचे पडदे आहेत तसेच राहतात.

तापीकाठ (रावेर) :

दोघांचेही आभार. एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मुकादमांना हिशेब दिसण्याची गरज नाही, किंबहुना तो त्यांना दिसू नये. त्यांनी शेतकऱ्याचे नाव निवडावे, माल नवतीचा (नव्या लागवडीचा) की पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेला) ते सांगावे, वजन भरावे आणि काटापावतीचे छायाचित्र जोडावे, इतकेच अपेक्षित आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडील काही बागांत रेंज मिळत नाही.

मेहरूणकर (जळगाव) :

तर मग वाद बराचसा मिटला. संपूर्ण अ‍ॅप नेण्याचे कारणच उरत नाही. कोटलिन आणि कंपोजमध्ये तीन-चार पडद्यांचे नोंदणी अ‍ॅप करा. गणित सर्व्हरवर ठेवा, म्हणजे पांझराकाठभाऊंनी दाखवलेली दोन ठिकाणच्या नियमांची भीतीही राहत नाही.

रेंज नसताना नोंद आधी फोनमध्ये ‘रूम’ या अँड्रॉइडच्या साठवणीत ठेवावी आणि पाठवण्याचे काम ‘वर्कमॅनेजर’ या पार्श्वभूमीत कामे करणाऱ्या अँड्रॉइडच्या साधनाकडे सोपवावे. प्रत्येक नोंदीचा एकमेव क्रमांक फोनवरच तयार करावा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी सर्व्हर ती ओळखेल. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून असलेल्या फोनमध्ये पार्श्वभूमीतील कामे लांबणीवर टाकली जातात, आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी याहून कठोर वागतात. त्यामुळे ‘न पाठवलेल्या नोंदी’ हा आकडा पहिल्याच पडद्यावर ठळक दाखवा. मागे जाण्याच्या खुणेने अर्धवट भरलेली नोंद पुसली जाणार नाही, हेही पाहा. आयफोनवरून आलेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव) :

दोन गोष्टींची भर घालतो. फोनची भाषा मराठी असेल तर कोटलिनमध्ये ठरावीक साच्यात छापलेला आकडा देवनागरी अंकांत येतो. पडद्यावर ते छानच दिसते, पण तेच ‘१८.५०’ सर्व्हरला गेले किंवा पुन्हा दशांश संख्येत वाचायला घेतले की अ‍ॅप कोसळते. सर्व्हरला जाणाऱ्या आकड्यांसाठी भाषानिरपेक्ष लोकेल (भाषा व अंकपद्धती ठरवणारी निवड) स्पष्टपणे द्यावे आणि चाचणीचा एक फोन कायम मराठीत ठेवावा. शिवाय आयफोन अ‍ॅपमधील एसएफ सिम्बॉल्स या अ‍ॅपलच्या संग्रहातील चिन्हे उचलून अँड्रॉइडवर वापरू नका. त्यांचा परवाना अ‍ॅपलच्या उपकरणांपुरताच आहे. गूगलच्या मटेरियल संग्रहातील चिन्हे मोफत मिळतात.

प्ले स्टोअरचे खाते २५ डॉलर एकदाच भरून मिळते. मात्र १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. तुम्हाला अ‍ॅप जगापुढे मांडायचेच नसेल, तर अंतर्गत चाचणीचा मार्ग घ्यावा. त्यात १०० जणांपर्यंत दुव्यावरून अ‍ॅप देता येते आणि ही अट आड येत नाही. मुकादमांचे गूगल खात्यांचे ईमेल तेवढे आधी गोळा करून ठेवा. त्यालाच सर्वाधिक वेळ लागेल, कारण अनेकांचे खाते मुलाने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड मुलालाच ठाऊक असतो.