मदत हवी आहे: जुन्या टॅबवर पोस्टमार्केटओएस (अँड्रॉइडऐवजीची लिनक्स प्रणाली) चढवतोय, पण गूडिक्स कंपनीच्या चिपचा टच काही केल्या बोलत नाही

नमस्कार मंडळी,

परभणीत आम्ही तिघंचौघं सुट्टीच्या दिवशी हा उद्योग करतो. एका संस्थेने शाळांना वाटलेले आठ इंची टॅब कपाटात धूळ खात पडलेत. अँड्रॉइड ५ वर अडकल्यामुळे नवी ॲपं चढत नाहीत, पण स्क्रीन आणि बॅटरी ठणठणीत आहे. त्यांवर किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या ॲपमधून मराठी विकिपीडिया ऑफलाइन टाकून जिंतूर तालुक्यातल्या वाचनालयांना द्यायचे आहेत. तिकडे रेंज आणि लाइट दोन्ही मनाची मालक.

चिप स्नॅपड्रॅगन ४१०, म्हणजे एमएसएम८९१६. तिच्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी आधीच भरपूर राबून ठेवलंय. मेनलाइन कर्नल (लिनक्सचा मूळ गाभा) चालतो, टॅब सुरू करणारा एलके२एनडी बूटलोडर आहे. खरा ताप टॅब बनवणाऱ्या कंपनीचा (नाव घेत नाही). कर्नल जीपीएल या मुक्त परवान्याखाली, म्हणजे सोर्स कोड देणं बंधनकारक. पण मेल केला की 'जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या' एवढंच उत्तर. मग स्टॉक (कंपनीच्या मूळ) बूट इमेजमधून डिव्हाइस ट्री, म्हणजे कुठला भाग कुठे जोडलाय याची यादी, काढली, डीटीसी या साधनाने वाचण्याजोगी केली, तिच्यावरून पॅनेलचा ड्रायव्हर जनरेट केला. डिस्प्ले आला, वायफाय आलं, यूएसबीवरून १७२.१६.४२.१ ला एसएसएच (कॉम्प्युटरवरून लॉगिन) लागतं.

घोडं अडलंय टचवर. एका टॅबवर पहिल्याच फटक्यात चालला: फोकलटेकची चिप, आय२सी (चिपांना जोडणाऱ्या तारा) वरचा तिचा पत्ता हेक्स ३८, ड्रायव्हर ईडीटी-एफटी५एक्स०६. तीच इमेज दुसऱ्या टॅबवर टाकली तर टच मेलेला. मॉडेल तेच, बॉक्स तोच. आमच्यातल्या एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने मागचं कव्हर उघडून टचची पट्टी मायक्रोस्कोपखाली धरली आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात टच येगळाच हाय." पट्टीवरच्या चिपवर जीटी९ ने सुरू होणारा नंबर, म्हणजे गूडिक्स. बोर्डाचा रिव्हिजन नंबरही वेगळा निघाला. स्वस्त मालात असं सर्रास असतं म्हणे. ज्या लॉटला जो टच मिळाला तो लावायचा.

कंपनीच्या ट्रीमध्ये गूडिक्सचाही नोड (त्या भागाची नोंद) आहे. रीसेटला १२ आणि इंटरप्टला १३ नंबरची पिन मी तिथूनच घेतली. तरी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'आय२सी कम्युनिकेशन फेल्युअर, उणे ६' हेच येतं. पत्ता हेक्स ५डी लावून बघितला, १४ ही बघितला. कुठे बघू?

प्रतिसाद: गूडिक्सचा पत्ता रीसेट सुटताना ठरतो. तेव्हा इंटरप्टची पिन खाली असेल तर ५डी, वर असेल तर १४. नोडमध्ये रीसेट आणि इंटरप्ट दोन्ही जीपीआयओ (चिपच्या वर-खाली करता येणाऱ्या पिना) दिलेत ना? नसतील तर ड्रायव्हर पत्ता ठरवू शकत नाही. दिले असतील तर आधी टचला वीज पोचते का तपासा. दुकानवाल्या भाऊंना म्हणावं, मल्टीमीटर लावा. १.८ आणि २.८ व्होल्ट दोन्ही पोचतात का?

धागाकर्ता: दोन्ही दिलेत. मीटर लावला. १.८ येतोय, २.८ च्या जागी शून्य. फोकलटेकवाल्या टॅबवर मात्र दोन्ही येतात. कंपनीच्या गूडिक्स नोडमध्ये २.८ कुठून येतो याचा उल्लेखच नाही.

प्रतिसाद: मग सापडलं. या बोर्डावर २.८ साठी वेगळा एलडीओ (ठरावीक व्होल्टेज देणारी छोटी चिप) असणार आणि त्याचं बटण एखाद्या जीपीआयओवर. चिपला असे १२२ आहेत, म्हणून आंधळेपणाने एकेक वर ओढत बसू नका. चुकीची पिन ओढली तर बोर्ड जायचा. मूळ अँड्रॉइड रूटसह (पूर्ण अधिकारांसह) बूट करा आणि डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारा फोल्डर) जीपीआयओची यादी दोनदा उतरवा, एकदा स्क्रीन चालू असताना आणि एकदा बंद करून. स्क्रीन बंद झाली की टचही झोपतो, त्यामुळे मोजक्याच पिना बदललेल्या दिसतील. त्यातली एक तुमची. ती मिळाली की रेग्युलेटर-फिक्स्डचा नोड लिहा आणि गूडिक्सच्या नोडला सप्लाय म्हणून जोडा.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार. अडचण एकच, या टॅबसाठी रूट केलेली बूट इमेज कुठेच मिळत नाही. स्टॉक इमेजच पॅच करून फास्टबूटने यूएसबीवरून नुसती बूट केली, फ्लॅश (टॅबमध्ये कायमची साठवण) न करता, तर चालेल ना? आणि परभणी-नांदेडकडे कुणाकडे बोर्डाचे संदेश वाचायला १.८ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर असेल तर थोडे दिवस द्या. इथल्या दुकानांत ३.३ चेच मिळतात आणि ते या बोर्डाला लावायची माझी हिंमत नाही.