शिवसागरासाठी जुनी स्पीडबोट : एचपी बघायचा की तळ?

सोळशीकाठ
मंडळी, सल्ला हवा आहे आणि माझं मतही आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल.

राहतो साताऱ्यात, गाव कोयनेच्या पाण्यापलीकडे कांदाटी खोऱ्यात. बामणोलीहून लाँच मिळते, पण माणसं भरल्यावर सुटते आणि परतीला मिळेलच याचा भरवसा नाही. आई गावी एकटी असते, गुडघे आणि कंबर दोन्ही गेलीत. बोलावणं आलं तर लवकर पोचता यावं आणि वेळ पडली तर तिला अलीकडे आणता यावं, म्हणून स्वतःची छोटी, पळणारी, वापरलेली बोट घेतोय.

दोन बघून ठेवल्यात. पहिली साडेचौदा फुटी, तळाला तीन नाळी (म्हणजे पुढून तीन कडा आणि मध्ये खोबणी), ६० एचपी फोर-स्ट्रोक, चार वर्षांची, जन्मापासून गोड्या पाण्यात. दुसरी साडेसतरा फुटी, खोल व्ही तळाची (म्हणजे तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खाली निमुळता), ९० एचपी टू-स्ट्रोक, पंधरा-सोळा वर्षांची, अलिबागकडून आलेली, सध्या कराडला ट्रेलरवर उभी. पैसे दोन्हींना जवळपास सारखेच.

माझा कल दुसरीकडे आहे. इंजिन पुढे बदलता येतं, तळ बदलता येत नाही. धरणाचं पाणी म्हणजे संथ पाणी असं बाहेरच्यांना वाटतं. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, सुमारे ५० किलोमीटर लांब, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि दुपारनंतर वारं खोऱ्याच्या लांबीनं सुटलं की त्याला अडवायला काही नाही. मोकळं पाणी जितकं लांब, तितकी लाट मोठी. इथली लाट फार उंच होत नाही, हात-सव्वा हात. पण ती आखूड आणि उभी असते, दोन शेंड्यांत पाच-सहा मीटर अंतर. साडेचौदा फुटी बोट म्हणजे साडेचार मीटरसुद्धा नाही. ती प्रत्येक खळग्यात उतरणार आणि प्रत्येक शेंड्यावर आपटणार. बोला आता.

लाँचवाला_शेंबडी
दादा, मी याच पाण्यावर बारा वर्षं बोट चालवतोय. पहिली घ्या.

तुम्ही लाट धरून बसलात, पण वर्षाचा हिशोब केला नाही. पावसाळ्याचे चार महिने तसंही कुणी छोटी बोट घालत नाही. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळचं पाणी आरशासारखं असतं. राहिले मार्च ते मे. तेव्हा पाणी किती मागं जातं ते तुम्हाला माहीत आहे. जिथं दिवाळीत पायरीला बोट लागते तिथं मे महिन्यात चिखलाची उतरण असते. साडेचौदा फुटी बोट चार पोरं धरून ओढतात. ती अलिबागची व्ही, पाणी न प्यायलेली असली तरी इंजिन धरून सात-आठशे किलोच्या घरात. ती चिखलात रुतली की ट्रॅक्टर आणायचा कुठून?

पेट्रोलचंही बघा. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन, फुल थ्रॉटलला जितका एचपी त्याच्या साधारण एकतृतीयांशाहून थोडं जास्त लिटर तासाला पितं. म्हणजे ९० ला तासाला ३४-३५ लिटर, जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला त्याहून जास्त, वर तेल वेगळं. ६० ला २३. ते सगळं कॅननं वाहून न्यायचंय.

आणि दुपारी वारं असेल तर थ्रॉटल कमी करायचा. एवढं साधं आहे.

सोळशीकाठ
शेंबडीकर, चिखलाचा मुद्दा मान्य, तो मी खरंच धरला नव्हता. पण "थ्रॉटल कमी करायचा" हे तितकं साधं नाही. वेग कमी केला की बोट पाण्यावरून खाली बसते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते, पुढचं काही दिसत नाही आणि चपटा तळ लाटेला सपाट छातीनं भिडतो. शिवाय बोलावणं आलं तर ते सकाळी आठलाच येईल असं नाही.

वाऱ्यावर
खोल व्हीच्या बाजूनं एक जुना दाखला. १९६० च्या मायामी-नॅसॉ शर्यतीत समुद्र खवळलेला होता आणि रे हंट यांनी आखलेल्या तळाची 'मॉपी' ही ३१ फुटी बोट पहिली आली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळाचा कोन तसाच खोल ठेवायचा, ही कल्पना तिथून जगभर गेली. त्याआधीच्या बोटी पुढे टोकदार आणि मागे चपट्या असत, लाटेवरून उडाल्या की मागचा चपटा भाग पाण्यावर आदळायचा. आजही मागच्या फळीपाशी, जिथं इंजिन टांगतात तिथं, तळाचा आडव्यापासूनचा कोन २० अंशांच्या वर असेल तर तिला खोल व्ही म्हणतात. कराडच्या बोटीचा कोन स्वतः मोजा. विकणारे कशालाही खोल व्ही म्हणतात. मागे तळाला सरळ पट्टी लावून मोबाइलमधल्या कोनमापकानं दोन मिनिटांत कळतं.

तापोळ्याची_सून
मॉपी ३१ फुटी होती, इथं बोलणं साडेसतराचं आहे. तेवढ्या लहान बोटीत खोल व्हीचा तोटा ठळक दिसतो आणि तो इथं कुणी बोललंच नाही. उभी असताना ती डोलते. एका काठावर पाय दिला की त्या बाजूला कलते.

माझ्या सासऱ्यांना अशाच बोटीत चढवताना मी धक्क्यावर उभी होते. त्यांनी डावा पाय आत टाकला, बोट त्यांच्याकडे कलली आणि धक्क्यापासून वीतभर सरकली. एक पाय बोटीत, एक दगडावर. चालवणाऱ्यानं काखेत हात घालून आत ओढलं म्हणून निभावलं, पण नडगी धक्क्याच्या कडेला सोलून निघाली. गुडघे गेलेल्या बाईला रोज नाही, अडीअडचणीलाच आणायचं आहे, म्हणजे तिची तब्येत सगळ्यात वाईट असेल तेव्हाच. तीन नाळींची बोट चढताना टेबलासारखी स्थिर राहते. दादा, तुम्ही बोट निवडताय ती लाटेसाठी की आईंसाठी?

सोळशीकाठ
ताई, दोन दिवस यावर विचार केला, म्हणून उत्तराला उशीर.

आईसाठीच. आणि म्हणूनच अडलोय. गेल्या एप्रिलात तिला एका ओळखीच्याच्या तीन नाळींच्या बोटीतून आणलं होतं. चढताना काही त्रास झाला नाही, तुम्ही म्हणता तशीच बोट स्थिर होती. पण मधल्या रुंद पाण्यात वारं मिळालं. नाळींच्या मधल्या खोबणीत लाट अडकायची आणि खालून लाकडी पेटीवर घण घातल्यासारखा आवाज यायचा. प्रत्येक आपटीला ती दोन्ही हातांनी बाक धरून अंग वर उचलायची, कंबरेला धक्का बसू नये म्हणून. पंचवीस मिनिटं. उतरल्यावर तिची बोटं सरळ होत नव्हती.

चढायची सोय मी करू शकतो. दोन दोर बांधून बोट धक्क्याला आवळता येते, पाटाची पायरी करता येते, दोघं धरायला उभे राहू शकतात. मधल्या पाण्यातली आपटी मला कशानंच कमी करता येत नाही.

फायबरवाला_मिरज
तीस वर्षं फायबरचं काम करतोय, बोटी आणि टाक्या दोन्ही. तुमचा वाद योग्य आहे, पण पंधरा वर्षांच्या बोटीचा तळ कुठल्या आकाराचा यापेक्षा तो आतून जिवंत आहे का ते आधी बघा. फायबरच्या आत मागच्या फळीत प्लायवूड असतं, तळाच्या धावांमध्ये, म्हणजे लांबीनं जाणाऱ्या आधाराच्या पट्ट्यांमध्ये, लाकूड असतं. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरतं आणि वरून चकाचक दिसणारी बोट आतून भिजलेल्या पावासारखी होते.

स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घ्या आणि मागची फळी वीत-वीत अंतरावर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तिथं खडूनं खूण करा. इंजिनाचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा. फळी बोटाएवढी जरी लवली तरी व्यवहार तिथंच थांबवा. मालक तयार असेल तर फळीतला तळाकडचा एक स्क्रू काढायला सांगा. मी अशा एका भोकातून चहाच्या रंगाचं पाणी टपकताना बघितलंय, आणि ती बोट आदल्याच महिन्यात रंगवलेली होती.

फरशीखालच्या फोमचं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. यावर माझा उपाय : ट्रेलर जोडूनच उसाच्या वजनकाट्यावर न्या. कराडभागात काटे पावलोपावली आहेत. मग बोट उतरवून रिकामा ट्रेलर चढवा. फरक म्हणजे बोट आणि इंजिन. बनवणाऱ्यानं दिलेल्या वजनापेक्षा दीडशे-दोनशे किलो जास्त भरली, तर तुम्ही पाणी विकत घेताय.

इंजिनाचं थोडक्यात. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवं. गिअरचं तेल काढून बघा, दुधासारखं असेल तर सील गेलंय. समुद्राचं इंजिन आहे, थंड पाण्याच्या वाटा मिठानं चोंदल्यात का ते अर्धा तास चालवल्याशिवाय कळत नाही, पाच मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नका.

वाऱ्यावर
फायबरवाल्यांच्या म्हणण्यात भर. अलिबागचं इंजिन समुद्रसपाटीवर सेट केलेलं असणार. कोयना भरली की पाणी सुमारे ६५९ मीटरवर असतं. साधारण ३०० मीटरला तीन टक्के ताकद जाते, म्हणजे ९० एचपी इथं ८४ च्या आसपास. पाण्यातला पंखा (प्रॉपेलर) तोच ठेवला तर पुरते आरपीएम येणार नाहीत, बोट पाण्यावर उचलायला वेळ लागेल आणि तुम्ही इंजिनाला नावं ठेवाल. एक इंच कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकेल ते अंतर) पंखा लावा, दीडशे-दोनशे आरपीएम परत मिळतात. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, तीही बघून घ्या.

लाँचवाला_शेंबडी
म्हणजे पंखा, जेट, काटा, मिठाची भानगड. एवढं करण्यापेक्षा चार वर्षांचं गोड्या पाण्यातलं इंजिन बरं, हे मी अजून म्हणतोय. बंद पडलेल्या इंजिनाची खोल व्हीसुद्धा वाऱ्यानं लाटेला आडवीच होते, आणि आडव्या बोटीला कुठलाच तळ वाचवत नाही. दादा, दुसरीच घेणार असाल तर मागे एक छोटं आठ-दहा एचपीचं इंजिन लावाच, आणि नांगराला दोर भरपूर ठेवा. धरण खोल आहे, वीस-पंचवीस फुटांचा दोर तळाला लागतच नाही.

कृष्णाकाठची
सांगलीहून लिहितेय. २०१९ च्या पुरात आमच्याकडे ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसं गेली. तेव्हापासून कुठलीही बोट बघितली की मी एकच विचारते : पाणी भरल्यावर ही सरळ तरंगते की उलटी होते? बाकाखाली दोन्ही कडांना फोम असेल तर भरलेली बोट सपाट तरंगते, धरून राहता येतं. फोम फक्त मध्ये किंवा तळाशी असेल तर ती पालथी होते. दोन्ही बोटींचं हे विचारा. जॅकेट आईंना घाटावरच घालायचं, पाण्यात गेल्यावर नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा पट्ट्याला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेलीच हवी.

कागदपत्रंही बघा. देशांतर्गत जलयान कायदा २०२१ मध्ये नवा झाला. महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडची नोंदणी आणि तपासणी कुठल्या नावावर आहे, ते टोकन देण्याआधी विचारा. वासोट्याच्या बाजूला अभयारण्य आहे, तिकडे वनखात्याची परवानगी लागते.

सोळशीकाठ
सगळ्यांचं लिहून घेतलं. शेंबडीकर, छोटं इंजिन आणि लांब दोर धरूनच आता दुसरीचा भाव करतोय. चिखलाच्या दिवसांत बोट खोल पाण्यात बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधून ठेवायची आणि काठापर्यंत गावातली जुनी होडी वापरायची, असं भाऊ सुचवतोय. ताई, धक्क्यासाठी पाटाची पायरी सुताराला सांगितली.

काल कराडला जाऊन आलो. मागे कोन २१ अंश भरला. फळी सगळीकडे टणक वाजली, फक्त उजव्या कोपऱ्यात खाली तळहाताएवढी जागा भद्द आहे. तिथं खडूची खूण करून आलोय. मिरजकर, तेवढाच भाग उघडून नवं लाकूड बसवता येईल का, की सगळी फळी काढावी लागेल? फोटो टाकतो.

मालकानं बामणोलीला चाचणीसाठी रविवारी सकाळी आठची वेळ दिली होती. मी दुपारी तीन मागितली, बरंच बोलणं झाल्यावर तो तयार झाला. बोट तो चालवेल. मी मागून दुसऱ्या बाकावर, आई बसेल तिथं बसणार आहे. वजन सकाळी काट्यावर करून घेतो आणि आकडा इथं लिहितो.