मदत हवी आहे : रजोनिवृत्तीनंतर हार्मोनची गोळी घ्यावी की जेल? ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे

नमस्कार. माझे वय ५३ असून पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली. रात्री अंगातून वाफा निघून घामाने झोपमोड होते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेन सुचवले आहे आणि गर्भाशय शाबूत असल्याने त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनही. नेमकी त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ४४ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८ आले. पाळी चालू असताना माझे एलडीएल १२५च्या वर कधी गेले नव्हते. आमचे फिजिशियन स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) सुरू करा म्हणतात, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मते हार्मोनच्या गोळीनेच एलडीएल उतरेल, तेव्हा तीन महिने थांबावे.

इस्ट्रोजेनमुळे रक्तातले एलडीएल उचलून घेणारे यकृतातले रिसेप्टर वाढतात आणि पाळी गेल्यावर ते घटतात, एवढे मला समजले आहे. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतातच जात असल्याने हा परिणाम तिच्यात ठळक दिसतो, पण त्याच वाटेने यकृत ट्रायग्लिसराइडही जास्त बनवू लागते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'पेपी' या अमेरिकी चाचणीत ८७५ स्त्रियांना तीन वर्षे पाहिले गेले. हार्मोन घेणाऱ्या गटांत एलडीएल सरासरी १५ ते १८ मिलिग्रॅमने उतरले आणि ट्रायग्लिसराइड ११ ते १४ने चढले. म्हणजे माझ्या अहवालातला एक आकडा सुधारेल आणि आधीच वाईट असलेला दुसरा बिघडेल, असे दिसते.

त्याहून मोठी शंका १९९८च्या 'हर्स' चाचणीमुळे आली. त्यात आधीपासून हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया होत्या. हार्मोन घेणाऱ्यांचे एलडीएल तुलनेच्या गटापेक्षा ११ टक्के कमी आणि एचडीएल १० टक्के जास्त राहिले, तरीही हृदयविकाराचे झटके एकंदरीत कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षी तर ते वाढले. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६७च्या आसपास होते आणि मला हृदयविकार नाही, हे मान्य. तरीही एलडीएल उतरल्याचे समाधान मानून स्टॅटिन लांबवणे योग्य ठरेल का, आणि गोळीऐवजी त्वचेवर लावायचे जेल मागावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी फिजिशियन आहे; तुम्हाला तपासलेले नसल्यामुळे हे मत तुमच्या डॉक्टरांशी बोलताना वापरण्यापुरतेच समजावे.

हे दोन निर्णय वेगवेगळे ठेवा. हार्मोन घ्यायचे ते वाफा आणि झोपेसाठी. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी ते दिले जात नाही, आणि 'हर्स' हे त्याचे एक मोठे कारण आहे. ट्रायग्लिसराइड २३८ असताना मी जेल किंवा पॅचच सुचवेन, कारण त्यातले इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून थेट रक्तात येते, ट्रायग्लिसराइड सहसा वाढवत नाही आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही गोळीपेक्षा कमी दिसतो. मात्र त्याने एलडीएलही फारसे उतरत नाही, त्यामुळे स्टॅटिनला पर्याय म्हणून त्याकडे पाहता येणार नाही. स्टॅटिन आणि हार्मोन एकत्र घेता येतात.

स्टॅटिनचा निर्णय रक्तदाब, साखर, तंबाखूची सवय आणि आईवडिलांचा हृदयविकार यांवर ठरेल. त्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी) करून घ्या. थायरॉइड मंदावले तरी एलडीएल चढते, आणि साखर वाढलेली असली की ट्रायग्लिसराइड चढते. लिपिड प्रोफाइल उपाशीपोटी केले नसेल तर तेही पुन्हा करा.

प्रोजेस्टेरॉन कोणते, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. 'पेपी'मध्ये मायक्रोनाइज्ड (शरीरातल्यासारखेच) प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांचे एचडीएल मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (त्याचा कृत्रिम प्रकार) घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले होते. टिबोलोन या हार्मोनसारखे काम करणाऱ्या कृत्रिम गोळीचा पर्याय पुढे आला तर त्याने एचडीएल उतरते, हे तुमच्या ४४च्या आकड्यासमोर ठेवून विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा पायात गुठळी असे काही पूर्वी झाले असल्यास ते जेलची चर्चा सुरू होण्याआधीच सांगायला हवे.