शाळा आणि युवा संस्थांना सावलीच्या झाडांसाठी निधी द्यायचाय, अटी काय ठेवाव्यात?

निधीसमिती
आमचा न्यास लहान आहे. यंदा दहाबारा शाळा आणि युवा संस्थांना मैदानावर सावलीची झाडं लावायला पैसे द्यायचे ठरलंय. आलेल्या अर्जांत सगळ्यांनी रोपांची संख्याच लिहिली आहे: कुणी 100, कुणी 200. अर्जात नेमकं काय विचारावं? पैसे एकदम द्यावेत की हप्त्यांनी? आणि रोपं केवढी घ्यायला सांगावीत?

नकाशा_आधी
रोपांची संख्या विचारूच नका. किती मुलांना, कुठे, किती वाजता सावली हवी ते विचारा. बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

20 फूट व्यासाचा पर्णसंभार, म्हणजे झाडाचा पानाफांद्यांचा घेर, साधारण 314 चौरस फूट जागा झाकतो. खाली बसणाऱ्या मुलाला 8 चौरस फूट धरले तर एका झाडाखाली 35 ते 40 मुलं बसतात. म्हणजे 150 मुलांसाठी चार नीट वाढलेली झाडं पुरतात. कुंपणालगत ओळीनं लावलेली 200 रोपं मोजायला छान, पण त्यांची सावली बहुतेक वेळा कुंपणापलीकडे पडते.

अर्जासोबत हातानं काढलेला नकाशा मागा. त्यात उत्तर दिशा, इमारती, पाण्याचा नळ, जमिनीखालच्या जलवाहिन्या, वरच्या विजेच्या तारा आणि मुलं जिथे प्रत्यक्ष थांबतात त्या जागा हव्यात. सकाळी 10, दुपारी 12 आणि 3 वाजता आत्ताच्या सावल्या कुठे पडतात तेही त्यावर आखायला सांगा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो, त्यामुळे झाड बाकाच्या पश्चिमेला हवं. सूर्य क्षितिजापासून 45 अंशांवर असतो तेव्हा सावलीची लांबी वस्तूच्या उंचीइतकी असते. पर्णसंभाराचा मध्य 12 फुटांवर असेल तर सावलीचा मध्य खोडापासून 12 फूट लांब पडतो, खोडाच्या बुंध्याशी नाही. बाक खोडाला चिकटून ठेवले की दुपारी तीनला मुलं उन्हात बसतात.

अंतरं: मध्यम झाड इमारतीपासून किमान 15 फूट, वड-पिंपळ वर्गातलं असेल तर त्याच्या दुपटीहून जास्त. तारांखाली 15 फुटांपेक्षा उंच जाणारी जात नकोच. सलग सावली हवी असेल तर दोन झाडांत 18 ते 20 फूट.

आळं_आणि_आच्छादन
वरचं सगळं पटतं. पण झाडं मरतात ती पाण्यामुळे आणि घट्ट मातीमुळे. मैदानाची माती वर्षानुवर्षं तुडवलेली असते, त्यात मुळं शिरत नाहीत. म्हणून निधी देण्याआधी एक चाचणी करून घ्या. एक फूट खोल खड्डा खणायचा, पाण्यानं भरायचा, ते मुरलं की पुन्हा भरायचा. दुसऱ्या वेळी पाण्याची पातळी तासाला एक इंचानंही उतरली नाही, तर निचरा वाईट आहे. तिथे उंचवटा करून लावा किंवा जागा बदला.

खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद आणि गोळ्याइतकाच खोल. जास्त खोल खणून तळाशी भुसभुशीत माती भरली की ती दबते, रोप खाली बसतं आणि बुंधा मातीत गाडला जाऊन कुजतो. बुंध्याचा पसरट भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. पिशवी पूर्ण काढायची, गोल गुंडाळलेली मुळं कापायची. खड्ड्यात नुसतं शेणखत भरू नका, खणलेलीच माती परत घाला आणि खत वरून द्या. वर पालापाचोळ्याचं आच्छादन 3 इंच जाड, खोडापासून चार बोटं लांब.

पाणी पहिले दोन आठवडे रोज, मग दिवसाआड, नंतर आठवड्याला एकदा किंवा दोनदा, तेही किमान दोन कोरडे हंगाम. दर वेळी 20 लिटर, सावकाश. 20 लिटरच्या कॅनला तळाशी दीड मिलिमीटरचं छिद्र पाडून तो आळ्यात ठेवला तर पाणी तीनेक तासांत मुरतं आणि वाहून जात नाही. छिद्र गाळानं बुजतं, आठवड्याला बघावं लागतं.

अर्जातला माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा: लांब सुट्टीत पाणी कोण घालणार? पद नको, दोन माणसांची नावं लिहून घ्या. शाळा बंद असते तेव्हाच ऊन सर्वात कडक असतं आणि वर्षभराची मेहनत त्या सहा-आठ आठवड्यांत जाते.

लेखापाल_वृक्ष
पैशांचं बोलतो. 100 भागांपैकी रोपांवर 15 ते 20 पेक्षा जास्त जाऊ नयेत. माती, खड्डे, काठ्या आणि ट्री गार्डला 30, तीन वर्षांच्या पाणी-निगराणीला 40, उरलेले मेलेली रोपं बदलायला. ज्या अर्जात देखभालीचा रकाना रिकामा आहे तो परत पाठवा, नाकारू नका. बहुतेकांना तो खर्च मागता येतो हेच माहीत नसतं.

हप्ते तीन करा: लागवडीआधी 50, बारा महिन्यांनी 25, तिसऱ्या वर्षी 25 टक्के. "आधी खर्च करा, मग बिलं द्या" ही अट लहान संस्थांना झेपत नाही, त्यांच्याकडे हातात पैसा नसतो. आणि झाड मेलं म्हणून हप्ता अडवू नका. तसं केलं की अहवालात सगळीच झाडं जिवंत दिसू लागतात. मेलेलं झाड आणि त्याचं कारण कळवलं तर बदली रोपाचे पैसे मिळतील, असं लिहा.

पडताळणीला प्रत्येक झाडाला क्रमांक, एकाच जागेवरून दरवर्षी फोटो, जमिनीपासून 6 इंचांवर खोडाची जाडी आणि दोन दिशांनी मोजलेली पर्णसंभाराची रुंदी पुरते.

युवा संस्थांचं एक वेगळं असतं, जागा बहुधा त्यांची नसते. जागामालकाचं लेखी संमतिपत्र आणि तिथे पुढे बांधकाम ठरलेलं नाही याची खात्री हवीच. भाडेकरार वर्षात संपणार असेल तर झाडांऐवजी ताणलेल्या कापडाची सावली द्या.

निधीसमिती
सर्वांचे आभार. रोपाच्या आकाराचं राहिलं. मंडळातल्या काहींना 12 फुटी झाडं हवी आहेत, म्हणजे लगेच सावली मिळेल.

आळं_आणि_आच्छादन
12 फुटी झाडाची बरीच मुळं उपटतानाच तुटलेली असतात, ते पहिली काही वर्षं मुळंच भरून काढतं. मधल्या काळात 5-6 फुटी निरोगी रोप त्याला गाठतं आणि त्याला पाणीही कमी लागतं. मैदानावर 5-6 फुटीच घ्या, पण मजबूत ट्री गार्डसह. काठी बांधलीत तर बांध सैल ठेवा आणि वर्षानं काढा, नाहीतर सुतळी खोडात रुतते.

नकाशा_आधी
जातींबद्दल: मुलांच्या वावरात बिट्टी आणि कण्हेर नको, दोन्ही विषारी. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ आणि मुळं वरवर, त्यामुळे बाकांवर नको. दहा झाडं असतील तर किमान चार जाती ठेवा, एका किडीनं सगळी सावली एकदम जायला नको. खालच्या फांद्या पहिल्याच वर्षी छाटू नका. डोक्यावरून सातेक फूट मोकळं करायला चार-पाच वर्षं घ्या, एका वर्षात पाव पर्णसंभाराहून जास्त काढायचा नाही. ही छाटणीसुद्धा तिसऱ्या हप्त्याच्या खर्चात धरा.