जुन्याच कंपनीत परत गेलेल्यांनो, तुमचा अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत ९ वर्षं क्वालिटीला होतो, २०२१ ला सोडून चाकणला गेलो. मागच्या आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन आला, म्हणाले जागा निघालीय, येतोस का परत. घरचे एकदम खूश, आई सिडकोत एकटी असते, पोरगा चौथीत आहे, दर शनिवारी नारायणगाव-संगमनेर-सिन्नर करत घरी यायचं आणि रविवारी रात्री परत निघायचं याला आता सगळेच कंटाळलेत. पण मला धाकधूक आहे. सोडताना मी नीट सोडलं होतं, भांडण वगैरे काही नाही, तरी पण चार वर्षांनी त्याच गेटातून आत जायचं म्हणजे कसं वाटतं, पगाराचं कसं ठरवायचं, जुनी माणसं कशी वागतात? जे गेलेत त्यांनी खरं खरं लिहा, वाईट असेल तरी लिहा.

*

मी सातपूरला व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर आहे. मी रागात सोडलं होतं, इन्क्रीमेंटवरून, आणि अडीच वर्षांनी त्याच कंपनीत परत आलो. पहिल्या दिवशी सिक्युरिटीने माझ्याकडून व्हिजिटर रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, माणूस तोच, मला चांगला ओळखणारा, पण नियम म्हणजे नियम. माझा जुना टोकन नंबर दुसऱ्याला देऊन झाला होता. हे बारीक वाटतं पण त्या दिवशी मला ते लागलं, कारण सात वर्षं तोच नंबर डब्यावर, लॉकरवर, बुटांवर लिहीत होतो. आणि खरं अवघड पुढेच होतं. जो पोरगा ट्रेनी असताना त्याला मी जॉब क्लॅम्प करायला शिकवलं तो आता लाईनचा सेटर, म्हणजे मला काम वाटून देणार तो. पहिले आठ-दहा दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोललो, तोही दबकून होता. मग एकदा फर्स्ट शिफ्टला जॉबचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ४ मायक्रॉनने वेगळा येत होता, तो इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलायला निघाला. मी म्हटलं थांब, मशीन थंड आहे, रात्रभर बंद होतं, स्पिंडल अर्धा तास रिकामा फिरव आणि मग मोज. फिरवला, मोजला, बरोबर आला. तो म्हणाला दादा हे तुम्हीच सांगितलं होतं, मी विसरलो. त्या दिवसापासून आमचं जमलं. तेव्हा दादा, जायचं तर मनात हे आधीच धरून जा की तुमची जुनी जागा कोणीतरी भरलेली आहे आणि ज्याने भरली त्याची काही चूक नाही. मी हे धरून गेलो नव्हतो म्हणून मला पंधरा दिवस जड गेले.

*

मी एका कारखान्यात पगार आणि पीएफचं काम बघते, परत येणाऱ्यांचे कागद माझ्याच टेबलावर येतात म्हणून लिहिते. लोक पगार विचारतात आणि बाकीचं विचारतच नाहीत. ग्रॅच्युइटीला कायम कामगाराची सलग ५ वर्षं लागतात. राजीनामा देऊन फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशोब, घेतला की ती मोजणी तिथे संपली, परत आलात की पहिल्या दिवसापासून नवीन. आमच्याकडे एक जण आधी ४ वर्षं करून गेला, परत येऊन पुन्हा ४ वर्षं केली आणि सोडताना म्हणाला माझी ८ झाली. नाही झाली हो, दोन्ही वेळा ५ च्या आतच. मला त्याला समोर बसवून सांगावं लागलं, अजून वाईट वाटतं. हिशोब सोपा आहे, बेसिक अधिक डीए, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. २६,००० बेसिक-डीए असेल तर वर्षाला १५,००० पडतात. म्हणून बेसिक किती धरणार ते आधी विचारा, नुसता हातात किती येणार हे विचारून चालत नाही. परत घेताना बरेच ठिकाणी हातातला पगार वाढवतात पण तो भत्त्यांत टाकतात.

दुसरं पीएफ. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तुमचा एकच राहतो, जुनी कंपनी असली तरी आता नवीन मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीचा खाते नंबर, पडेल, मधल्या कंपनीचे पैसे ट्रान्सफर करून घ्या. काढू नका. आणि पेन्शनचा फॉर्म १०सी भरून पैसे उचलायचा मोह तर अजिबात नको, पेन्शनला एकूण १० वर्षं लागतात, ती वेगवेगळ्या कंपन्यांची मिळून धरतात, पण एकदा पैसे उचलले की ती वर्षं गेली.

*

मी स्टाफ नर्स. बाळाच्या वेळी सोडलं, ३ वर्षांनी मुंबई नाक्याजवळच्या त्याच हॉस्पिटलमध्ये आयसीयूला परत आले. आधी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलं, त्याशिवाय आमच्यात कोणी उभं करत नाही. मला वाटलं होतं दोन दिवसात हात बसेल पण व्हेंटिलेटर बदललेले, इन्फ्युजन पंप बदललेले, नोट्स सगळ्या कॉम्प्युटरवर. आणि मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू, पहिली शिरेत सुई लावायची. आजोबा होते, हाताच्या शिरा अगदी बारीक, मी टूर्निकेट बांधून कितीतरी वेळ नुसती बोटाने चाचपडत होते. पहिल्यांदाच लागली. माझे हात नंतर थरथरले, आधी नाही.
ताई-दादांनो, शिकायला वेळ मागा. मी इनचार्ज सिस्टरना स्पष्ट सांगितलं की मला पंधरा दिवस एकटीने नाईट देऊ नका, त्यांनी ऐकलं. मागितलं नसतं तर जुनी आहे, येतं हिला सगळं, असं धरून पहिल्याच आठवड्यात लावली असती. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी मात्र पहिल्याच दिवशी माझा चहा बिनसाखरेचा आणला, ३ वर्षांनी त्यांना आठवत होतं, मी रडलेच.

*

आमचं तर दर वर्षीच जाणं-येणं आहे. पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाऊसला मी ६ हंगाम काम केलं, मध्ये २ वर्षं सासूबाईंच्या आजारपणात गेले नाही. परत गेले तर सुपरवायझर नवीन, मला म्हणे आधी क्रेट उचला. मी काही बोलले नाही. दुपारी कटिंग टेबलावर बाई कमी पडली तेव्हा बसवलं. घड देठाने धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, मण्यावरची ती पांढुरकी झाक गेली की माल शिळा दिसतो. खराब मणी कात्रीच्या टोकाने काढायचा, शेजारच्याला धक्का न लावता, मग पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, असा बसवायचा की देठ वर दिसू नये. त्याने माझे तीन-चार पनेट वजनाला लावून बघितले आणि दुसऱ्या दिवसापासून क्रेट बंद. रोजाचा दर मात्र नवीन बायांचाच मिळाला. हंगाम संपेपर्यंत तोच. मला आधी बोलायला पाहिजे होतं, आत गेल्यावर कोणी वाढवत नाही.

*

माझा वाईट अनुभव, लिहू का नको करत होतो. गंगापूर रोडच्या एका क्लासला मी फिजिक्स शिकवायचो, सोडून पुण्याला गेलो, मग संचालकांनी स्वतः फोन करून बोलावलं, अकॅडेमिक हेड करतो म्हणाले. सगळं तोंडी, जुने संबंध म्हणून मी लेखी मागितलं नाही, लाज वाटली. आलो तर सहा बॅच माझ्या गळ्यात आणि हेडचं नंतर बघू. मी ज्या कारणासाठी सोडलं होतं, रविवारची सुट्टी नाही, पगार पंधरा तारखेनंतर, ते सगळं जसंच्या तसं. पाच महिन्यांत परत सोडलं आणि यावेळी जुने संबंधही गेले, याचं जास्त दुःख आहे. तुम्ही आधी का सोडलं होतं ते एका कागदावर लिहा आणि त्यातलं आज काय बदललंय ते साहेबांना विचारा. ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय चाकणचा राजीनामा देऊ नका.

*

मी दुसऱ्या बाजूचा. अंबडला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, १४ माणसं. दोन वेल्डर सोडून गेलेले परत घेतलेत. एकाला लगेच घेतलं कारण तो जाताना महिनाभर थांबून हातातलं स्ट्रक्चर पुरं करून गेला होता. दुसऱ्याला घेताना विचार केला, तो पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आलाच नव्हता. घेतला, कारण आर्गॉन वेल्डिंगला त्याच्यासारखा हात मला मिळाला नाही, पण राहिलेल्या पोरांना आधी एकत्र बसवून विचारलं. जो राहिला त्याच्यापेक्षा जो जाऊन आला त्याला जास्त पगार मिळतो हे शॉपमध्ये लगेच कळतं आणि मग सगळं बिघडतं, म्हणून त्याच महिन्यात न सोडता राहिलेल्या जुन्या दोघांचेही पगार वाढवले. तुमच्या साहेबांनीही कोणाला तरी विचारलं असेल, कोणाला ते कळलं तर त्या माणसाला आधी भेटा.

*

सगळ्यांचे मनापासून आभार, घरी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. काल साहेबांशी बोललो. बेसिक किती ते मेलवर देतो म्हणाले. मी सोडल्यावर ज्याला माझं सीएमएमचं, म्हणजे जॉब मोजायच्या मशीनचं, काम दिलं होतं तो अजून तिथेच आहे, रविवारी त्याला भेटायला जातोय, त्याच्या घरी, कंपनीत नाही. पीएफवाल्या ताई, एक विचारायचं होतं, मी १०सी भरला नव्हता, पण जुने पैसे चाकणच्या खात्यात आलेत का ते कधी बघितलंच नाही.

*

मग आधीची ९ आणि चाकणची ही ४, पेन्शनच्या १० च्या पुढे गेलात तुम्ही, काळजी करू नका. पीएफचं पासबुक उघडून जुन्या मेंबर आयडीत शिल्लक दिसते का बघा. दिसत असेल तर ट्रान्सफर राहिलाय. आणि जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकलीय का तेही बघा, ती नसली की ट्रान्सफर अडकतो. नसेल तर रविवारी भेटायला जाताय तेव्हाच त्या मित्राला सांगा, सोमवारी एचआरमध्ये विचारून घेईल.