केस स्टडी वाचून डिफरन्शियल डायग्नोसिस (एकाच तक्रारीमागचे वेगवेगळे आजार पडताळून नेमका ओळखणं) येतं का खरंच?

परळचा_फिजिओ:
भाची बाहेर कायरोप्रॅक्टिक (हाताने मणके बसवायची उपचारपद्धत) शिकते, सुट्टीत दादरला आलीये, तर तिची केस स्टडीची फाईल चाळली. एक केस अशी, ६४ वर्षांचा पुरुष, कंबर दुखते, रात्री पडल्यावरही थांबत नाही, वजन घटलंय, पूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर. आता यात ओळखायचं काय उरलं? सगळं ताटात वाढून दिलंय, पोरांनी फक्त घास उचलायचा. आपल्याकडे ओपीडीत बाई येते ती सरळ 'मणक्यात गॅप आहे' म्हणून एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवते, वजन कमी झालं का विचारलं तर नाही हो म्हणते आणि उठता उठता सांगते की ब्लाऊज सगळे सैल व्हायला लागलेत. हे कुठल्या फाईलीत असतं? शिवाय केस ३० आणि ३० च्या ३० भयानक. प्रत्यक्षात कंबरदुखीवाल्या शंभरात गंभीर आजाराचा एखादाच निघतो. कागदावरच्या केस कमी करा आणि पोरांना ओपीडीत बसवा, हे माझं मत.

शीव_नाही_सायन:
साफ चूक. ओपीडीत बसून कॉडा इक्विना, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा जुडगा दाबला जाणं, कधी दिसणार त्यांना? मी ११ वर्षांत दोन बघितले. दोन्ही पायांत कळ, बसायच्या जागी बधिर, लघवी अडकलेली, हे विचारायची सवय केसमुळेच लागते आणि तिथे 'सोमवारी या' म्हणून भागत नाही, ऑपरेशन तातडीने लागतं. मानेचं तर बोलूच नका. कडकन मान फिरवायच्या आधी नवीनच डोकेदुखी, चक्कर, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास हे विचारायलाच हवं, मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटलेला असू शकतो. तो पहिला पेशंट कधी येतो याची वाट बघत बसायचं का?

कणकण:
तुमच्या दोघांच्या यादीत टीबी कुठाय? पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने १७७९ मधे मणक्याच्या या आजाराचं वर्णन केलं, पुस्तकात त्याचं नाव असतं, पण बाहेरच्या केसमधे तो तळाला एका ओळीत. इथे शिवडीला टीबीचं अख्खं हॉस्पिटल आहे. आमच्या चाळीतल्या पोराची पाठ चार महिने एका ठिकाणी मालिश करून, शेक देऊन चालली होती, संध्याकाळची कणकण कुणी विचारलीच नाही, शेवटी एमआरआयमधे दोन मणके पोखरलेले. केस स्टडी वाईट नाही हो, दुसऱ्यांच्या गावची केस स्टडी वाईट.

हाडवैद्याचा_नातू:
मुळात कायरोप्रॅक्टिकवाल्यांनी डायग्नोसिस करायचं कशाला? १८९५ मधे अमेरिकेत पामरने सुरू केलं तेच मुळी बहिऱ्या माणसाचा मणका बसवून ऐकू आणलं या दाव्यावर. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. भारतात त्यांना वेगळी कौन्सिलसुद्धा नाही. संशय आला की डॉक्टरकडे पाठवा, विषय संपला.

परळचा_फिजिओ:
अहो पण संशय यायला तरी शिकवायला लागेल ना. पंचविशीतला पोरगा, सकाळी अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली, चाललं फिरलं की मोकळी, हा साधा स्नायूचा पेशंट नाही हे कळलं तरच तो संधिवातवाल्याकडे जाईल, नाहीतर तीन वर्षं मालिश. असो. सायनवाल्यांचं एक पटलं, दुर्मिळ ते कागदावरच शिकावं लागणार. मग केस निदान तुकड्यातुकड्याने तरी द्या. आधी फक्त पेशंटचं वाक्य, 'उसण भरलीये'. पोरं विचारतील तेवढंच सांगायचं, ईएसआर (अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) मागितला तरच द्यायचा. आणि दहातल्या सात केस खरोखर उसणीच्याच ठेवायच्या, म्हणजे दर वेळी कॅन्सर हुडकणार नाहीत.

शीव_नाही_सायन:
एका केसला दीड तास जाईल. रात्र थोडी सोंगं फार, पोर्शन कोण संपवणार? परीक्षेत 'कंबरदुखीची सहा कारणं लिहा' असंच येतं.

कणकण:
मग परीक्षा बदला की.

शीव_नाही_सायन:
तुमच्या हातात असेल तर बदला, आम्हाला पण बोलवा.

परळचा_फिजिओ:
काल रात्री भाचीवर करून बघितलं. ब्लाऊजवाली बाई मीच झालो, 'मणक्यात गॅप आहे' एवढंच म्हटलं. तिने चौदा प्रश्न विचारले, पाय उचलून बघते म्हणाली, रिफ्लेक्स झाले, एमआरआय मागितला. ताप, घाम, घरात कुणाला टीबी, काही नाही. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सकाळपासून बोलत नाहीये माझ्याशी.