मदत हवी आहे: हाय फ्लो ऑक्सिजनवर बाबांचा घोळणा फुटतोय

बाबा (वय ६८) न्यूमोनियामुळे आयसीयूत आहेत. एचएफएनसी (नाकातल्या नळीने जोरात ऑक्सिजन देणारं मशीन) लावलंय, फ्लो मिनिटाला ५० लिटर, त्या हवेत ऑक्सिजन ४५ टक्के. व्हेंटिलेटर टळला, त्यामुळे नाकाची तक्रार करायला मला कानकोंडं होतं. पण हाल बघवत नाहीत. आधी आत कोरडं पडलं, मग खपल्या धरल्या आणि काल उजव्या नाकपुडीतून रक्त. डावीच्या कडेला लाल व्रण आहे. वैतागून नळी ओढून काढतात की सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) लगेच घसरतं. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शनही चालू आहे.

हवा गरम आणि दमट होऊन येते म्हणतात, मग कोरडं का पडतं? तापमान ३७ वरून ३४ केलंय, ते चालेल? आत्या म्हणते नाकात साजूक तूप सोड. सिस्टर नको म्हणाल्या.

प्रतिसाद १
आयसीयूत नर्स आहे. सिस्टरांचं बरोबर आहे. तूप, खोबरेल, व्हॅसलिन काहीच नको. ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो, शिवाय तेल फुप्फुसात उतरलं तर वेगळाच न्यूमोनिया. सलाइनचे थेंब किंवा पाण्यावर आधारित जेल चालतं, पण त्यांना विचारूनच.

ह्युमिडिफायरच्या (हवा दमट करणाऱ्या भागाच्या) पाण्याची पिशवी संपली नाही ना, बघायला सांगा. ती रिकामी राहिली तर एवढ्या वेगाची कोरडी हवा नाक सोलून काढते. ३४ ला ओलावा थोडा कमी होतो, पण आराम पडत असेल तर चालतं. कफ चिकट झाला तर मात्र सांगा.

व्रणाचं कारण बहुधा प्रॉन्ग, म्हणजे नळीचं नाकपुडीत बसणारं टोक. ती नाकपुडीच्या निम्म्याहून जाड नको, बाजूने हवा सुटायला जागा लागते. पट्टा करकचून आवळलेला नसावा. कानामागे आणि गालावरही बघा.

रक्त आलं तर मान मागे नको. किंचित पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं दाबायचा, तोवर ऑक्सिजन मास्कने. हे स्टाफलाच करू द्या. इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांचा. नाकाचा पडदा फुगून दोन्ही बाजू बंद वाटल्या, तर त्याच दिवशी ईएनटी हवा.

धागाकर्ती
आभार ताई. पिशवी भरलेली होती, प्रॉन्ग मात्र ठासून बसली होती. लहान आकाराची लावली. सुटत आलेल्या खपल्या मी काढू का?

प्रतिसाद १
अजिबात नको. सलाइनने भिजू द्या, आपोआप सुटतील. बाबांच्या बोटांवरही लक्ष ठेवा!